घरात अठरावरची किती?

नवरा गेलेल्या बाईला कोणी 'घरात अठरावरची माणसं किती?' असं विचारलं, तर तिने तिथून उठावं. कारण विचारू नये, समोर आलेला चहा संपवायलाही थांबू नये. हा सल्ला आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं वाचायला प्रत्येकाला सवड असतेच असं नाही. मला तो प्रश्न विचारला गेला तेव्हा वाटलं, प्रसादाची पाकिटं मोजत असतील. कोणालाही तसंच वाटलं असतं.

ज्यांच्याकडे गेले त्यांचं नाव लिहीत नाही. रोह्याच्या बाजूला बसतात, महाराज म्हणतात, एवढं पुरे. लोक उगाच तर्क लढवतील म्हणून स्पष्ट करते, रायगडातल्या ज्या मोठ्या परंपरा घरोघरी माहीत आहेत, त्यांपैकी कुठल्याच परंपरेतले ते नव्हेत. स्वतंत्र गृहस्थ. गोड बोलतात, फुकट भेटतात, आणि ज्याला एकट्याने बोलायचं असेल त्याला आतल्या खोलीत वेळ देतात. शेजारणीने मला नेलं. पेणहून दिवा-रोहा गाडी, कासू, नागोठणे, निडी, रोहा. पुढे रिक्षा.

आमचं घर लाल बावट्याचं. खारेपाटात याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. सासऱ्यांच्या तोंडी कायम चरीच्या शेतकऱ्यांचा संप. ह्यांचं तारुण्य शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या मागे गेलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनावर गोळीबार झाला, तेव्हा हे त्या बाजूला होते आणि रात्रभर घरी निरोप नव्हता. पुढे शेतजमिनी मागणारा सेझ आला. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत त्यावर सार्वमत झालं, त्याच्या आधीचे कित्येक महिने आमच्या ओटीवर एन. डी. पाटलांच्या सभेच्या निरोपांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. धाकट्या दिरांचं म्हणणं उलट होतं, येतील ते पैसे घ्यावेत आणि पोरांना मार्गाला लावावं. दोघा भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. चुली आधीच वेगळ्या होत्या, मग अंगणात कुंपण आलं.

आणि या घरात राहून मी वर्षानुवर्षं मत दुसरीकडे देत होते.

कुठे, ते इथेही लिहिणार नाही. ह्यांच्याशी माझं भांडण नव्हतं. त्यांच्या लढ्याला मी भाकऱ्या बांधून दिल्या आहेत, मोर्चातही चालले आहे. पण मत देताना मला जो माणूस पटायचा, त्याला द्यायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निवडणुकीची ड्युटी ठरलेली, त्यामुळे पुष्कळदा टपाली मत. घरी विषय निघाला की मी भांडी घासायला उठायचे. ह्यांनी कधी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नसणार.

हे गेले आणि मग तेवढीच एक गोष्ट छातीवर बसली. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्यापासून लपवलेलं दुसरं काही नाही, आणि हे मात्र ते न कळता गेले. झोप उडाली. तुम्ही म्हणाल, एवढंसं मत, त्याचं काय! ज्यांच्या घरात राजकारण म्हणजे टीव्हीवरची करमणूक असते त्यांना ते एवढंसं. आमच्याकडे जमीन, पाणी, भावकी, सगळं त्यातूनच ठरलं आहे.

हे सांगायचं कोणाला? मुलगा पुण्याला, त्याला वडिलांच्या आठवणीत असली भर नको होती. जाऊबाईंना सांगितलं असतं तर सांजेपर्यंत तळ्यावर गेलं असतं. म्हणून माणूस परक्या गावच्या महाराजांकडे जातो. आम्ही भोळ्या म्हणून जात नाही, गावात असलं बोलायला जागा नसते म्हणून जातो.

पहिल्या भेटीत ते नीट बोलले, हे सांगितलंच पाहिजे. मी रडत होते, त्यांनी रडू दिलं. 'लपवणं आणि फसवणं एक नव्हे,' असं म्हणाले. त्या एका वाक्याने मला त्या रात्री झोप लागली, आणि त्याच वाक्यापोटी मी पुन्हा गेले. बाहेर टेबलाशी एक सेवेकरी वही घेऊन बसलेला असे. नाव, गाव, तालुका, फोन, घरात अठरावरची किती.

पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं, 'मत कोणाला देत होतात?'

मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही.

ते हसले. 'वैद्याला नाडी दाखवताना हात झाकायचा नसतो, ताई.'

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. हे मला तेव्हाच दिसलं होतं, आज रागाने रंगवून सांगत नाही. माझं मन हलकं झालं म्हणून तो आनंद आहे, असं मी धरून चालले. त्यानंतर माझं दुःख हळूहळू बाजूला पडत गेलं. गावात अजून कोण कोण असं 'मनातून वेगळं' आहे, आमच्या बचत गटात बायका किती, त्यांतल्या किती जणी नवऱ्याच्या शब्दाबाहेर जातील, असं ते बोलण्याच्या ओघात विचारत. एकदा म्हणाले, 'यजमानांच्या आत्म्याला गती मिळायची तर घराने दिशा बदलायला हवी. त्या झेंड्याच्या घरात देव रमत नाही.' आणि निघताना खांद्यावर हात ठेवून, 'ते गेले. आता कोणाची भीती?'

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

त्या हिवाळ्यात आमच्या गावची ग्रामपंचायत लागली. ह्यांच्या वर्षश्राद्धाचं बघायला मी पेणहून गावी गेले होते. ओटीवर दीर बसले होते, जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. कुंपण पडलं नव्हतं, पण श्राद्धाच्या निमित्ताने का होईना, दोन वाक्यं होऊ लागली होती. तेवढ्यात प्रचाराची पोरं आली. पुढे होता तो माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत मी शिकवलेला. पाया पडला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, 'बाई, तुमचं मत तर आम्ही धरूनच चाललोय. सर होते तेव्हापासून तुम्ही आपल्याच.' मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, 'आता ते गेले. आता कोणाची भीती?'

तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून.

त्या पोराला स्वतःचं एक वाक्य कधी जुळवता आलं नाही. निबंध मी सांगायचे आणि हा लिहायचा. हे वाक्य त्याला कोणी दिलं, हे मला लगेच कळलं. लाजेच्याही आधी मला आठवली ती टेबलावरची वही. तिच्यातला तो रकाना. मग बचत गटाचे प्रश्न. सगळं एकामागोमाग लागलं. माझं रडणं तिथे कोणी ऐकत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ऐकत होते, आणि बरोबरीने लिहूनही घेत होते.

दिरांनी पोरं जाईपर्यंत वाट पाहिली. मग विचारलं, 'वहिनी, दादाला माहीत होतं?'

मी म्हटलं, 'ते माझ्यात आणि त्यांच्यात आहे.' हे उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं याचा मला आजही अभिमान आहे. पण ते दोघे भाऊ सेझपायी बोलेनासे झाले होते, आणि आता त्याच घरात मीच वेगळ्या मताची निघाले. दीर त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत.

मी रोह्याला जाऊन महाराजांना तोंडावर विचारलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. मी कोणाला काही बोललो नाही. सत्य लपून राहत नसतं. आणि तिसरी, 'राजकारण इथे तुम्ही आणलंत, ताई. मी तर अध्यात्मावरच बोलत होतो.'

पहिल्या दोन गोष्टी खोटं बोलणारा कोणीही बोलतो. तिसऱ्या वाक्यावर मी अजून अडकले आहे, कारण ते ऐकून माझी शेजारीणसुद्धा मान हलवत होती. मी राजकारण आणलं? मी अपराधीपण आणलं होतं, त्यात राजकारण होतं, जसं एखादीच्या दुःखात सासू असते, जमिनीचा सातबारा असतो. ते उकलून त्यातलं दुःख पाहणं हे त्यांचं काम. त्यांनी दुःख ठेवलं बाजूला आणि राजकारण तेवढं उचललं. सुनेचं म्हणणं, 'आई, सांगायचंच कशाला?' हे वाक्य मी आता बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी तितकाच संताप होतो. चोरी झालेल्या घरात जाऊन 'दागिने केलेच कशाला' असं कोणी विचारत नाही.

आता ज्यावर मी अधिकाराने बोलू शकते ते बोलते. मी मतदान केंद्रावर बसलेली बाई आहे. बोटांना शाई लावली आहे, यादीवर खुणा केल्या आहेत. प्रत्येक प्रशिक्षणात आम्हाला बजावतात, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२८. मतदानाच्या कामावरच्या कर्मचाऱ्याने मताची गुप्तता फोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्याच्या ९४व्या कलमाने कोणालाही, कोर्टात साक्षीदार म्हणून उभं केलं तरी, तू मत कोणाला दिलंस हे सांगायला लावता येत नाही. म्हणजे न्यायाधीश जे विचारू शकत नाही, ते या गृहस्थाने मला पाणावलेल्या डोळ्यांनी विचारलं, आणि शाई लावणाऱ्या बाईला जिथे तीन महिने, तिथे त्यांना काहीच नाही.

पूर्णच काही नाही असंही नाही. मतदाराला देवाच्या कोपाची किंवा आध्यात्मिक दोषाची भीती घालून मत वळवणं हा निवडणुकीतला गैरवाजवी प्रभाव ठरतो. लोकसभा-विधानसभेसाठी तो १९५१च्या कायद्याच्या १२३व्या कलमात भ्रष्ट आचार म्हणून आहे. भारतीय न्याय संहितेच्या १७१व्या कलमात तोच गुन्हा म्हणून आहे, आणि जुन्या दंडविधानातही होता. 'त्या झेंड्याच्या घरात देव रमत नाही' हे वाक्य त्यात बसतं की नाही, हे मी एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, बसेल, पण बंद खोलीत दोघंच होतात, साक्षीदार कुठून आणणार? धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८चा एक कायदाही आहे. देवळाची, मठाची जागा राजकीय कामाला वापरायची नाही असं तो सांगतो. खासगी बंगल्यातली आतली खोली त्यात येते का, यावर वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

पेण-रोह्याचे लोक दोन नावं अभिमानाने घेतात. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, १८९५चे. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे, १९२०चे. आठवल्यांनी आपलं काम सरकारी अनुदानापासून आणि पक्षांपासून दूर ठेवलं. विनोबांवरचे निबंध मी किती तपासले त्याला गणती नाही, भूदान प्रत्येकात असतं, आणीबाणी एकातही नसते. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबा वर्षभराच्या मौनात होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. काँग्रेसचे वसंत साठे पवनारच्या आश्रमात भेटायला गेले तेव्हा विनोबांनी 'अनुशासन पर्व' एवढंच लिहून दाखवलं, आणि सरकारने ते देशभर भिंतींवर रंगवलं. पुढे, जानेवारी १९७६ मध्ये, विनोबांनी आचार्यांचं संमेलन बोलावलं, आपल्याला काय म्हणायचं होतं ते सांगितलं, पण भिंतीवरचा रंग तोवर वाळला होता. त्यांच्या हेतूवर वाद घालणारे घालोत. ज्याच्याकडे लोक मनःशांतीसाठी जातात, त्याने मौनात लिहिलेले दोन शब्दसुद्धा सत्तेला उपयोगी पडतात. मग आमचे महाराज तर दर आठवड्याला तासन्‌तास बोलतात.

माझी एक जुनी सहशिक्षिका कोर्लईची, कॅथलिक. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी गप्पच बसली. मग म्हणाली, आमच्यात कन्फेशन ऐकणाऱ्या फादरने ते फोडलं तर तोच चर्चबाहेर होतो. आणि नुसतं फोडू नये एवढंच नाही, कबुलीत कळलेली गोष्ट त्या माणसाच्या तोट्याला वापरायचीसुद्धा नाही, मग गुप्तता राखून का होईना. तिच्याकडचे सगळे फादर देवदूत आहेत असं ती म्हणाली नाही. पण नियम आहे, तो लिहिलेला आहे, आणि मोडला तर शिक्षा कोणाला ते ठरलेलं आहे. आमच्याकडे काय आहे? 'महाराजांचं मन दुखवू नका,' असं त्या सेवेकऱ्याने मला जाताना सांगितलं. माझं मन तेव्हा त्याच्या समोरच उभं होतं.

तर ज्यांना जायचंच आहे, त्यांच्यासाठी. जाऊ नका असं मी म्हणणार नाही, कारण सगळ्यांनाच मानसोपचारतज्ज्ञ परवडत नाही आणि पेणमध्ये तसे किती आहेत ते आपल्याला माहीत आहे.

वही आधी पाहा. नाव आणि फोन ठीक. मतदारयादीत जे असतं ते, म्हणजे वय, घरातली इतर माणसं, वॉर्ड, भाग, यातलं काहीही विचारलं की 'कशासाठी?' म्हणा. उत्तर अडखळत आलं तर परत फिरा. आतल्या खोलीत तिसरा माणूस असेल तर त्याला बाहेर पाठवायला सांगा. पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभा राहणारा सेवेकरीही तिसराच. भिंतीवर कोणाकोणाबरोबरचे फोटो आहेत ते बघा. आमदार सगळ्यांच्याच दारी येतात, त्याला इलाज नाही, पण फोटो सगळे एकाच पक्षाचे असतील आणि उत्सवाच्या मंडपाचे पैसे कोणी दिले हे कमानीवर लिहिलेलं असेल, तर तुमचं दुःख कुठल्या कार्यालयात पोचणार आहे ते कळून येईल.

राजकारण तुमच्या दुःखाचा भाग असेल तर ते बोला. जिथे 'येथे राजकीय चर्चा करू नये' अशी पाटी असते तिथेही बोला, कारण ती पाटी गप्पांसाठी असते, तुमच्या झोपेसाठी नव्हे. फक्त नाव देऊ नका. 'मी घरच्यांपेक्षा वेगळं मत दिलं आणि ते मला टोचतं' इतकं ऐकून ज्याला मदत करता येत नाही, त्याला पक्षाचं नाव कळल्यावरही करता येणार नाही. त्याचा पुढचा प्रश्न कुठे जातो ते पाहा. 'टोचतं म्हणजे काय होतं?' असं विचारलं तर बसा. 'कोणाला दिलं?' असं विचारलं तर चप्पल शोधा. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मेलेल्या माणसाच्या आत्म्याचा हवाला देऊन जिवंत माणसाला काही करायला लावलं जात असेल, तर ते कोणाच्या फायद्याचं आहे एवढं मोजून पाहावं. माझ्या बाबतीत हिशोब अगदी सोपा होता, एक मत, आणि जमलंच तर बचत गटाची पंधरावीस.

बाकी नेहमीचं. मन साठवू नये, चालायला जावं, एखादी विश्वासाची मैत्रीण ठेवावी. मैत्रीण ठेवणं हे सांगायला सोपं आहे, पण सांगते. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं गोपनीयतेचं कलम, तेविसावं, तुमच्या बाजूने असतं. महाराजांना ते लागू नाही. केंद्र सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. मी ऑक्टोबरातल्या एका रात्री लावला. पलीकडच्या मुलीने मला गावाचं नाव विचारलं नाही की पक्षाचं. तिने विचारलं, ह्यांच्याबद्दल सर्वांत जास्त काय आठवतं. मी अर्धा तास भाकऱ्यांबद्दल बोलले.

आणि तुम्ही त्या बाजूचे असाल, म्हणजे लोक तुमच्याकडे मन मोकळं करायला येत असतील, कीर्तनकार असा, बैठक घेणारे असा, फादर असा, तर तुमची मतं तुमच्यापाशी असू द्यात, आम्हाला त्यांचं काही नाही. तुम्ही कोणाला मत देता हे आम्हाला भिंतीवरून कळतंच. पण निवडणूक लागली की आतली खोली बंद ठेवा. महिनाभर कोणी मरत नाही. आणि उमेदवाराला तुमच्या दारात आलेल्या बायकांची यादी हवी असेल तर त्याने मतदारयादी विकत घ्यावी.

माझ्यापुरतं सांगायचं तर शेजारीण आता दुसऱ्या डब्यात बसते. त्या ठिकाणाहून रोज सकाळी फोनवर सुविचार येतात, फुलांच्या चित्रासकट. नंबर अडवला की दुसऱ्या नंबरावरून येतात. वहीतलं माझं नाव, गाव आणि घरच्यांची माहिती काढून टाकावी, असं पत्र मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा तुम्ही स्पीड पोस्टाने नोंद करून पाठवा, साध्या टपालाने पाठवू नका, पोच लागते. माझ्याकडे पोच आली आहे, सही त्या वहीवाल्या पोराचीच आहे. उत्तर आलेलं नाही. दिवाळीनंतर मी दुसरं पाठवणार आहे, त्याची प्रत तहसीलदारांना.